पुरुषांचा साज

'कोल्हापुरी साज' हे शब्द उच्चारले कीं ऐकणाराच्या डोळ्यांपुढें एक स्त्री उभी राहते. सोन्याच्या पानांचा व मण्यांचा तो दागिना स्त्रीच्या गळ्यांतला, याबद्दल कोणाच्याहि मनांत शंका येत नाहीं. त्याच शहराच्या नांवानें ओळखला जाणारा फेटा पुरुषाचा, आणि त्याच शहराची चप्पल मात्र दोघांचीहि. ही वांटणी आपण इतक्या सहजपणें करतों कीं ती सृष्टीच्या आरंभापासूनच चालत आली असावी, असें वाटूं लागतें. पुरुषानें साधें राहावें आणि स्त्रीनें नटावें. रंग, रेशीम व मोती हा स्त्रियांचा प्रांत, आणि काळा, पांढरा व राखी हा पुरुषांचा, ही समजूत सुशिक्षित घरांत तर नियमासारखी पाळली जाते. एखाद्या तरुणानें कानांत मोती घालून कचेरींत जावयाचें म्हटलें, तर घरांतील वडील माणसें "आपल्याकडे असें कधीं नव्हतें" असें म्हणून विषय संपवितात. आपल्याकडे खरोखर कसें होतें, हें आज थोडें तपासून पाहावयाचें आहे.

त्यासाठीं आरंभींच कोल्हापुरापासून फार दूर, इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं जावें लागेल. तेथें आर्नो नदीच्या कांठीं कास्चिने नांवाचें एक विस्तीर्ण उपवन आहे. त्या उपवनाच्या टोकाला, जेथें मुन्योने नांवाचा लहान प्रवाह आर्नोला मिळतो, तेथें एक छत्री उभी आहे. आणि छत्रीखालीं एका हिंदी तरुणाचा अर्धपुतळा आहे. हा तरुण म्हणजे कोल्हापूरचे छत्रपति दुसरे राजाराम महाराज. १८५० सालीं त्यांचा जन्म झाला, १८६६ सालीं ते गादीवर आले, आणि १८७० सालीं ते इंग्लंडच्या प्रवासास निघाले. व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, तिकडील संस्था व कारखाने पाहून झाले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्स मुक्कामीं, अवघ्या वीस वर्षांच्या वयांत, त्यांना मृत्यूनें गांठलें. दोन प्रवाहांच्या त्या संगमावर हिंदु रीतीप्रमाणें त्यांचें दहन झालें. त्यांनीं प्रवासांत लिहिलेली रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनीं संपादून १८७२ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केली, आणि १८७४ सालीं संगमाजवळ हें स्मारक उभें राहिलें. पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकारानें केला. छत्रीची आंखणी मेजर चार्ल्स मँट याची. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याची आंखणीहि याच मँटची. फ्लॉरेन्सच्या लोकांनीं त्या जागेला 'इंदियानो' हें नांव देऊन टाकलें, आणि पुढें १९७८ सालीं जवळच झालेल्या मोठ्या पुलालाहि तेंच नांव मिळालें.

या पुतळ्याचा आपल्या विषयाशीं संबंध असा. युरोपांतील चौकाचौकांत उभे असलेले थोर पुरुष पांढऱ्या संगमरवराचे किंवा काळसर ब्राँझचे आहेत. हा पुतळा मात्र रंगविलेला आहे. डोक्यावरील पागोटें, अंगावरील दरबारी पोशाख आणि दागिने, सारें रंगासहित दाखविलेलें आहे. शिल्पकाराला या तरुणाचें राजेपण रंगावांचून दाखवितां येईना, असेंच जणूं तो पुतळा सांगतो. ज्या वर्षीं महाराज लंडनांत फिरले, त्या वर्षीं तेथील श्रीमंतांतील श्रीमंत पुरुषसुद्धां काळा लांब कोट, पांढरा खमीस आणि उंच काळी टोपी एवढ्यावर आपली श्रीमंती भागवीत होता. त्याची सारी संपत्ति त्याच्या पत्नीच्या व मुलींच्या अंगावर दिसत असे.

परंतु युरोपांतील पुरुषहि प्रथमपासून असा नव्हता. फ्रान्सचा चौदावा लुई याच्या दरबारांत पुरुषच रेशमी मोजे, उंच टांचांचे जोडे, लेस आणि कुरळ्या केसांचे मोठाले टोप वापरीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस हें चित्र पालटलें. दरबारी ऐट मावळली, व्यापारी व कारकुनी वर्गाचा उदय झाला, आणि 'काम करणारा पुरुष' हा आदर्श ठरला. इंग्रज मानसशास्त्रज्ञ फ्लूगेल यानें १९३० सालच्या आपल्या कपड्यांविषयींच्या ग्रंथांत या घटनेस पुरुषांचा महान् त्याग असें नांव दिलें आहे. सौंदर्याचा हक्क पुरुषांनीं सोडून दिला व केवळ उपयुक्ततेचा हक्क ठेवला, असा त्याचा आशय. त्याच सुमारास सीमेच्या दुसऱ्या बाजूवरहि पहारा बसला. १८०० सालीं पॅरिसच्या पोलिसांनीं असा हुकूम काढला कीं ज्या स्त्रीला पुरुषासारखी विजार घालावयाची असेल तिनें आधीं परवाना घ्यावा. हा हुकूम निरर्थक झाल्याचें फ्रान्सच्या सरकारनें स्पष्टपणें सांगितलें तें २०१३ सालीं! जी मर्यादा सनातन म्हणून सांगितली जाते, तिचा जन्मदिवस असा कधीं कधीं पोलिसांच्या दप्तरांत सांपडतो.

आतां आपल्या घरच्या फडताळाकडे वळूं. मराठेशाहींतील एखाद्या प्रतिष्ठित पुरुषाच्या पोशाखाची यादी केली, तर आज ती नववधूच्या दागिन्यांची यादी वाटेल. डोक्यावर मंदिल किंवा पागोटें, त्यावर शिरपेच, तुरा व कलगी. कानांत मोत्यांचा चौकडा आणि कानाच्या वरच्या भागांत भिकबाळी. गळ्यांत मोत्यांचा कंठा. मनगटांत सोन्याचें कडें. अंगांत घेरदार जामा किंवा अंगरखा. खांद्यावर जरीचा शेला. पैठणच्या मागांवर केवळ लुगडींच निघत असें नव्हे. पुरुषांचे शेले आणि दुपेटेहि तेथेंच विणले जात. जेम्स वेल्स या चित्रकारानें अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पुण्यास राहून सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचीं चित्रें काढलीं. त्यांतील तरुण पेशव्याच्या अंगावरचे मोती व रत्नें पाहून त्या काळच्या कोणा मनुष्याला त्याच्या पुरुषत्वाविषयीं संशय आला नाहीं. उलट, मोती नसते तरच तो पेशवा कसा, असा प्रश्न पडला असता.

वस्त्रांच्या आकाराकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. युरोपांत पुरुष म्हणजे दोन पाय दाखविणारी विजार आणि स्त्री म्हणजे पाय झांकणारा घागरा, अशी सरळ विभागणी होती. आपल्याकडे पुरुषाचें धोतर आणि स्त्रीचें नऊवारी लुगडें हीं दोन्हीं न शिवलेलीं वस्त्रें, आणि दोहोंनाहि कासोटा. शेतांत कामाला वांकलेली कोल्हापूरकडील स्त्री आणि तिच्या शेजारचा पुरुष यांच्या नेसण्याचें तत्त्व एकच होतें. उलट दरबारी पुरुषाच्या जाम्याला घोट्यापर्यंत पोंचणारा घेर असे. विसाव्या शतकांत सुशिक्षित घरांतील स्त्रियांनीं कासोटा सोडून पांचवारी गोल पातळ स्वीकारलें, आणि पुरुषांनीं धोतर सोडून विजार स्वीकारली. त्यानंतरच युरोपांतील तें दोन भागांचें चित्र आपल्या घरांत पुरतें उतरलें. म्हणजे ज्या सीमेला आपण जुनी मर्यादा म्हणतों, ती पुष्कळ अंशीं आपल्या आजोबा-पणजोबांच्या आयुष्यांत आंखली गेली.

याचा अर्थ पूर्वीं मर्यादाच नव्हती, असा कोणी करूं नये. मर्यादा होती, ती वेगळ्या ठिकाणीं होती. कानाला सीमा नव्हती, पण नाकाला होती. कानांत मोती दोघांनींहि घालावे, पण नथ स्त्रीचीच. आणि ही सीमा लोक किती गंभीरपणें मानीत, याचा पुरावा एका गोड, पण करुण रूढींत आहे. ज्या घरांत मुलगे जगत नसत, त्या घरांत नव्यानें झालेल्या मुलाचें नाक टोंचून त्यांत नथ घालीत. मुलगी आहे असें समजून काळानें त्याला सोडून द्यावें, ही आईची आशा. 'नथू' हें नांव आपल्याकडे आलें तें यांतूनच. काळालासुद्धां फसवूं शकेल इतकी ती खूण पक्की होती; आणि मुलाचा जीव वांचविण्यासाठीं ती खूण ओलांडावयास त्याच घरांतील कर्मठ माणसें तयार होतीं!

दुसरी मर्यादा याहून कडक होती, आणि ती स्त्री-पुरुषांमधली नव्हे, तर माणसामाणसांच्या दर्जामधली. शिरपेच कोणी लावावा, मानाचा पोशाख कोणास मिळावा, पायांत सोन्याचा तोडा कोणी घालावा, हें दरबार ठरवीत असे. पुरुषाचा शृंगार हा त्याच्या अधिकाराचा फलक होता. सामान्य शेतकऱ्याच्या वांट्याला त्यांतलें फारसें कांहीं येत नसे, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसानें चांगलें वस्त्र नेसणें हा गुन्हाच मानला जाई. म्हणून त्या मोत्यांच्या काळाची आठवण काढतांना उगाच हळहळण्याचें कारण नाहीं. राजर्षि शाहू महाराजांचीं दरबारी छायाचित्रें पाहिलीं तर त्यांत रत्नें व तुरा दिसतो. पण त्यांच्या नित्याच्या साधेपणाबद्दल लोक अधिक बोलतात. ज्या राजानें २६ जुलै १९०२ रोजीं मागासलेल्या वर्गांसाठीं सरकारी नोकरींतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्यानें दर्जाची मर्यादा कोठें मोडावयाची हें बरोबर ओळखलें होतें.

इंग्रजी अमदानींत कचेऱ्या, शाळा व न्यायालयें आलीं, आणि त्यांच्याबरोबर काळा कोट आला. आरंभीं तो धोतरावर आणि पगडीखालीं बसला. मग हळूहळू पगडी गेली, कानांतली भिकबाळी गेली, गळ्यांतला कंठा तिजोरींत गेला आणि तेथून सुनेच्या गळ्यांत गेला. हा बदल लाजेच्या मार्गानें झाला. नटलेला संस्थानिक हा विलासी, आळशी व बायकी, असें चित्र साम्राज्याच्या लेखकांनीं रंगविलें; आणि तें आपल्या सुशिक्षितांनींहि पत्करलें. कायद्यानेंहि हात दिला. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर एका वर्षाच्या आंतच, १८७१ सालीं, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या भागांत, नोंद झालेला तृतीयपंथी जर स्त्रीच्या वेषांत किंवा स्त्रीसारखे अलंकार घालून रस्त्यावर दिसला, तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकेल असें कलम होतें. हा भाग मुख्यतः उत्तरेकडील वायव्य प्रांतांत अमलांत आला. परंतु गंमत अशी कीं ज्या देशांत राजे मोत्यांचे कंठे घालीत, त्या देशांत 'स्त्रीसारखे अलंकार' कोणते हें आतां शिपायानें ठरवावयाचें होतें!

या मनःस्थितीची खरी साक्ष मिळते ती मराठी रंगभूमीवर. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'मानापमान' १९११ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील धैर्यधर हा गरीब पण शूर. आणि लक्ष्मीधर हा श्रीमंत, दागिन्यांनीं मढलेला आणि भित्रा. प्रेक्षकांनीं लक्ष्मीधराला हंसावें, अशीच योजना आहे. शंभर सव्वाशें वर्षांपूर्वीं ज्या अलंकारांनीं पुरुषाचें तेज सिद्ध होत होतें, त्याच अलंकारांनीं आतां त्याचा भित्रेपणा सिद्ध होऊं लागला. आणि त्याच नाटकांत, त्याच रंगमंचावर, भामिनीच्या वेषांत भरजरी शालू नेसून, दागिने घालून उभे राहत ते बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस! लक्ष्मीधराच्या अंगावरील अलंकारांना हंसणारे प्रेक्षक भामिनीच्या अंगावरील अलंकारांपुढें मुग्ध होत. आणि दोघेहि पुरुषच होते.

बालगंधर्वांच्या चरित्रांत कोल्हापूर आरंभापासून आहे. लहानपणीं त्यांना कमी ऐकूं येऊं लागलें, तेव्हां मिरजेच्या इस्पितळांत त्यांच्या उपचाराची व्यवस्था शाहू महाराजांनीं केली. १९०५ सालीं ते किर्लोस्कर मंडळींत शिरले व शकुंतलेच्या भूमिकेनें पुढें आले. १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली. उंची वस्त्रें, खरे अलंकार, अत्तरें यांवर मंडळीनें इतका खर्च केला कीं ती कर्जांत बुडाली. ज्या काळीं पुरुषाच्या अंगावरून रेशीम व मोती नाहींसे होत होते, त्या काळीं महाराष्ट्रांतील सर्वांत उंची वस्त्रें एका पुरुषाच्या अंगावर होतीं, आणि पांढरपेशा घरांतील स्त्रिया त्यांच्या नेसण्याचें, केशरचनेचें व गजरा माळण्याचें अनुकरण करीत होत्या. कुलीन स्त्रीनें कसें दिसावें, याचा धडा कुलीन स्त्रियांनीं एका पुरुषापासून घेतला. याच स्त्रियांना रंगमंचावर पाऊल टाकण्याची मात्र मुभा नव्हती. रूढि इतकी उदार होती कीं पुरुषानें स्त्री व्हावें, आणि इतकी कडक होती कीं स्त्रीनें स्त्री होऊन लोकांपुढें उभें राहूं नये.

कोल्हापूरचेच केशवराव भोसले यांनीं दोन्हीं बाजू अनुभविल्या. १८९० सालीं जन्मलेला हा मुलगा लहानपणीं शारदेच्या भूमिकेंत गाजला. पुढें १९०८ सालीं ललितकलादर्श मंडळी काढून पुरुषभूमिकांतहि गाजला. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत, टिळक स्वराज्य फंडासाठीं, 'संयुक्त मानापमान' झालें. त्यांत भामिनी बालगंधर्व, आणि धैर्यधर केशवराव. त्या रात्रीं साध्या पोशाखांतला वीर आणि शालूंतली नायिका समोरासमोर उभीं राहिलीं, तेव्हां पुरुषाच्या वेषाचीं नव्या युगानें ठरविलेलीं दोन्हीं टोंकें एकाच रंगमंचावर होतीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत केशवराव गेले. शाहू महाराजांनीं १९१५ सालीं बांधून पुरें केलेलें कोल्हापूरचें पॅलेस थिएटर पुढें त्यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, तें नाट्यगृह आगींत सांपडलें, तेव्हां कोल्हापूरकरांना जें दुःख झालें तें केवळ एका इमारतीचें नव्हतें.

रंगभूमीवरची ही रीत प्रथम चित्रपटानें मोडली, आणि त्यांतहि कोल्हापूर पुढें होतें. १९१३ सालच्या फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रां'त तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनीं केली होती. परंतु बाबूराव पेंटर यांनीं कोल्हापुरांत महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापून १९२० सालीं 'सैरंध्री' काढला, तेव्हां त्यांत गुलाबबाई व अनसूयाबाई या स्त्रियांनाच घेतलें. कॅमेऱ्याचा डोळा जवळचा. त्याला दाढीची निळसर छटा दिसते. १९२९ सालीं कोल्हापुरांतच जन्मलेल्या प्रभात कंपनीनें पुढें पुण्यास १९३५ सालीं 'धर्मात्मा' काढला, आणि त्यांत बालगंधर्वांना उभें केलें तें संत एकनाथांच्या वेषांत. शालू उतरला. स्त्रियांना आपली भूमिका परत मिळाली, ही गोष्ट न्याय्यच झाली. पण त्याबरोबर पुरुषाला नटण्याची जी एक शेवटची मान्य जागा होती, तीहि गेली. आतां नटलेला पुरुष म्हणजे एक तर विदूषक, किंवा उपहासाचा विषय.

एक जागा मात्र राहिली, आणि ती नाट्यगृहाच्या बाहेर, यल्लम्माच्या वाटेवर. कोल्हापूर जिल्ह्यांतून दरवर्षीं हजारों भाविक सौंदत्तीस रेणुकेच्या यात्रेला जातात. त्यांत डोक्यावर देवीचा जग घेतलेले, चौंडक्याच्या तालावर गाणारे, लुगडें नेसलेले जोगते असतात. गडहिंग्लजकडील लेखक राजन गवस यांनीं 'भंडारभोग' या कादंबरींत अशाच एका जोगत्याचें आयुष्य मांडलें आहे. यात्रेच्या दिवशीं लोक त्यांच्या पायां पडतात. दुसऱ्या दिवशीं बाजारांत त्यांच्या मागें टवाळ पोरें लागतात. देवीच्या नांवानें मुलें वाहण्याच्या प्रथेंत पुष्कळ क्रौर्य होतें. महाराष्ट्रांत २००५ सालीं देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला, तो योग्यच झाला. परंतु जो मनुष्य स्वतःला स्त्रीवेषांतच ओळखतो, त्याचा प्रश्न त्या कायद्यानें सुटत नाहीं. महाभारतांत अर्जुन विराटाच्या घरीं बृहन्नडा होऊन एक वर्ष राहिला, हें आपण मुलांना कौतुकानें सांगतों. रस्त्यांत बृहन्नडा भेटली तर त्याच मुलांना हात धरून पलीकडे नेतों. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांविषयींच्या निकालांत असें म्हटलें कीं, आपली लिंगभावना वेष, शब्द वा वर्तन यांनीं प्रकट करणें हें घटनेनें दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यांत मोडतें. १८७१ च्या कलमापासून १४३ वर्षांनीं कायद्यानें केलेली ही उलट वाटचाल आहे. समाजाची वाटचाल अजून अर्ध्यावरच आहे.

आतां शेवटीं चपलेकडे येतों. कारण हा सारा इतिहास पुन्हां एकदां कोल्हापुराच्या दारांत आला तो तिच्याच पायांनीं. जून २०२५ मध्यें इटलींतील मिलान शहरीं प्राडा या उंची वस्त्रांच्या पेढीनें पुरुषांसाठींचा आपला पुढील वर्षाचा उन्हाळी संग्रह दाखविला. त्यांतील तरुणांच्या पायांत ज्या चपला होत्या त्या आपल्या कोल्हापुरी चपलेसारख्या होत्या. पण कोल्हापूरचें नांव मात्र कोठें नव्हतें. येथें मोठा गहजब झाला. महाराष्ट्राच्या व्यापारी मंडळानें पत्र लिहिलें; पेढीनें आपली प्रेरणा हिंदी कारागिरीची असल्याचें मान्य केलें; तिचे लोक कोल्हापुरास येऊन गेले; आणि डिसेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं करार झाला. येथील कारागिरांकडून २,००० जोड करून घेण्याचें, आणि एका जोडाची किंमत सुमारें ८०० युरो राहील असें, जाहीर करण्यांत आलें. या चपलेला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें होतें. महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे.

या वादांत नांवाची व पैशाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें दोन गोष्टी दुर्लक्षित राहिल्या. पहिली ही, कीं युरोपांतला उंची पोशाखाचा धंदा आतां पुरुषाला त्या 'महान् त्यागां'तून बाहेर काढूं पाहत आहे. १९८५ च्या संग्रहांत गोल्तिये या फ्रेंच शिंप्यानें पुरुषांना घागरा दिला, तेव्हां जग चमकलें. २०२२ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानें पुरुषी वेषाचा बदलता इतिहास सांगणारें मोठें प्रदर्शन भरविलें. तेथील पुरुष मोती, रेशीम आणि उघड्या पायांची चप्पल यांच्याकडे नावीन्य म्हणून पाहतो. आणि आपण, ज्यांच्या पणजोबांच्या कानांत चौकडा होता, तें पाहून म्हणतों, 'हें पाश्चात्यांचें थेर!' जें आपण त्यांच्या लाजेखातर सोडलें, तें ते आतां आपल्याकडून उचलीत आहेत; आणि आपण त्यांनीं टाकून दिलेली लाज संस्कृति म्हणून जपीत आहोंत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कोल्हापुरी चप्पल पायांत करकर वाजली पाहिजे, ही येथील पुरुषाची ऐट. कापशीसारखी जाड, दणकट चप्पल म्हणजे पैलवानी थाटाचें चिन्ह. पण ती पुरुषी चप्पल घडविण्याचें काम पाहिलें तर कातडें कापणें, थर ठोकणें हें पुरुष करतात. आणि पट्ट्यांची नाजुक वेणी विणणें, शिवण घालणें, गोंडे लावणें हें घरांतील स्त्रिया करतात. मिलानच्या रंगमंचावरील पुरुषाच्या पायांवर जी शोभा होती, ती अशा हातांची, आणि तेहि पिढ्यान्पिढ्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या हातांची कला. उंची पोशाखाच्या इतिहासांत पुरुष आणि स्त्री यांच्यामधली रेषा पुष्कळ वेळां पुसली गेली व पुन्हां आंखली गेली; पण घालणारा आणि घडविणारा यांच्यामधली रेषा तशीच राहिली. ८०० युरोंपैकीं त्या विणणाऱ्या हातांत किती पडतात, या प्रश्नाचें उत्तर जेव्हां समाधानकारक मिळेल, तेव्हांच कोल्हापूरचा मान राहिला असें म्हणतां येईल.

१ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. दरबार संपला, आणि त्याबरोबर दरबारी पोशाखाचें प्रयोजन संपलें. आज तो वेष दसरा चौकांतील शाही दसऱ्याला दिसतो. आणि फेटा दिसतो तो लग्नमंडपांत. लग्नाच्या दिवशीं आपण प्रत्येक तरुणाला कांहीं तासांसाठीं राजा करतों: जरीची शेरवानी, गळ्यांत मोत्यांच्या माळा, फेट्यावर तुरा. त्या दिवशीं त्याला कोणी हंसत नाहीं. दुसऱ्या दिवशीं तोच मोती त्याच्या कानांत राहिला तर घरांत वाद होतो. दोन दिवसांत मोती बदलत नाहीं आणि मुलगाहि बदलत नाहीं.

कोणी मोती घालावे आणि कोणी काळा कोट घालावा, हें सांगणें इतिहासाचें काम नव्हे. साधेपणाहि एक सुंदर वेष आहे, आणि तो मनापासून पत्करणाऱ्यानें तो अवश्य वापरावा. इतिहास एवढेंच सांगूं शकतो कीं, 'आपल्याकडे असें कधीं नव्हतें' हें वाक्य खरें नाहीं. आपल्याकडे तसें होतें; आणि घराण्यांतील जुन्या चित्रांत तें अजून आहे. ज्या घरांत एखादा मुलगा आरशापुढें थोडा अधिक वेळ उभा राहतो, किंवा रंगांची निवड जरा निराळी करतो, त्या घरांतील वडील माणसांनीं रागावण्यापूर्वीं एकदां भिंतीवरची ती तसबीर उतरवून तिच्यावरची धूळ पुसावी आणि पणजोबांच्या कानाकडे नीट पाहावें. त्या मुलाला परंपरेच्या नांवानें घराबाहेर काढतां येणार नाहीं. कारण परंपरा त्याच्या बाजूनें साक्ष देण्यास भिंतीवरच बसलेली आहे.